अंतःप्रेरणेने मिश्र माध्यमात चित्र काढताना, आणि दुसऱ्याच्या चित्राजवळ उभे राहताना

मिश्र माध्यमात, म्हणजे एकाच चित्रात रंग, शाई, चारकोल, चिकटवलेले कागद असे वेगवेगळे साहित्य वापरून, काम सुरू केले, त्यानंतरच्या पहिल्या दीड वर्षातली निम्म्याहून अधिक चित्रे मला टाकून द्यावी लागली. सगळीच फसली होती असे नाही. त्यांतली काही मला आजही आठवतात. पण कुठे रंगाचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला, कुठे चिकटवलेला कागद पिवळा पडून ठिसूळ झाला, तर कुठे पाच-सहा ओले रंग एकमेकांत मिसळून सगळ्याचा चिखल झाला. ‘मनात येईल तसे रंगवा’ एवढाच सल्ला तेव्हा मिळाला होता. कोणता थर कशावर टिकतो, हे तो देणाऱ्यांपैकी कोणीच सांगितले नव्हते. पुढे नवोदित चित्रकारांना मार्गदर्शन करू लागल्यावर दिसले की तेही त्याच खड्ड्यांत पडत आहेत, आणि मार्गदर्शक या नात्याने मी स्वतः त्यांच्या वाटेत आणखी एक-दोन खड्डे खणून ठेवत आहे. म्हणून या लेखाचा मोठा भाग चित्र काढणाऱ्यासाठी आहे आणि शेवटचे टप्पे मार्गदर्शन करू पाहणाऱ्यासाठी आहेत.

अंतःप्रेरणेने रंगवणे म्हणजे निर्णय न घेता रंगवणे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात निर्णय तेवढेच घ्यावे लागतात, त्यांची वेळ मात्र वेगळी ठेवावी लागते. हात चालू असताना परीक्षण थांबवायचे आणि परीक्षण सुरू झाले की ब्रश खाली ठेवायचा, हा या कामाचा एकमेव नियम आहे असे मी म्हणेन. अमूर्त चित्रकलेचे एक प्रवर्तक कांदिन्स्की यांनी १९११ च्या सुमारास आपल्या चित्रांचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांत आतून अचानक उमटणाऱ्या चित्रांना ‘इम्प्रोव्हायझेशन’ म्हटले होते आणि आतूनच आलेल्या, पण अनेक कच्च्या रेखाटनांतून सावकाश घडवलेल्या चित्रांना ‘कॉम्पोझिशन’. एकच माणूस दोन्ही रीतींनी काम करत होता. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट पात्याने) केलेली चित्रे पाहताना रंग आपोआप पसरला असावा असे वाटते, पण ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करत. उरलेला काळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई, आणि नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ते हे थांबणेच.

१. साहित्य जमवा, पण कमी ठेवा

पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी पुढील साहित्य पुरेसे आहे.

- ॲक्रिलिक रंग: पांढरा, काळा आणि आपल्या आवडीचे फक्त तीन
- ॲक्रिलिक जेसो (रंगाखाली द्यायचा अस्तराचा लेप) आणि मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेले, वाळल्यावर न चमकणारे ॲक्रिलिक; चिकटवायलाही चालते)
- ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचे, आम्लरहित कागद
- एक रुंद चपटा ब्रश, एक राठ केसांचा ब्रश, लहान रबरी रोलर, पॅलेट नाइफ किंवा बाद झालेले प्लास्टिकचे कार्ड
- चारकोल (चित्रे काढायचा कोळसा), ग्राफाइट आणि वाळल्यावर पाण्याने न पसरणारी काळी शाई
- पाण्याची दोन भांडी, पाण्याचा फवारा, जुनी फडकी, मास्किंग टेप
- कोलाजसाठी, म्हणजे चित्रात चिकटवायला, कागदांची पेटी
- एक नोंदवही

रंग घेताना ट्यूबवरच्या आकर्षक नावापेक्षा मागे छापलेला रंगद्रव्याचा संकेतांक वाचा. ‘पीबी १५’ म्हणजे फ्थॅलो निळा, ‘पीडब्ल्यू ६’ म्हणजे टायटॅनियम पांढरा. ज्या ट्यूबवर एकच संकेतांक असतो, तो रंग दुसऱ्यात मिसळल्यावर स्वच्छ राहतो. तीन-चार संकेतांक असलेला रंग आधीच मिश्रण असतो आणि त्यात आणखी काही घातले की तो लवकर मळतो. नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिलेले असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे रंगद्रव्य वापरलेले असते. त्यात फसवणूक नाही, पण मिश्रणात तो वेगळा वागतो. प्रकाशात रंग टिकण्याची श्रेणीही पाहा: मानके ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेच्या मोजमापात पहिली आणि दुसरी श्रेणी विश्वासार्ह समजली जाते. चमकदार फ्लुरोसंट रंग आणि डायपासून (विरघळणाऱ्या रंगापासून) बनवलेल्या बहुतेक शाया उजेडात फिक्या होतात, त्यामुळे त्या सरावापुरत्याच ठेवाव्यात.

२. पृष्ठभाग तयार करा, आणि एकाच वेळी तीन-चार कागद घ्या

कागद चारही बाजूंनी टेपने फळीवर चिकटवा. जेसोचा पहिला हात आडवा द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि मग दुसरा हात उभा द्या. जेसोमुळे पृष्ठभागाला थोडा खरखरीतपणा येतो, रंगाला धरायला जागा मिळते आणि कागद पाणी अधाशासारखे पीत नाही. कागद वाकत असेल तर त्याच्या पाठीवरही एक हात द्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. खडूची पूड आणि प्राणिज सरस यांपासून केलेला पारंपरिक जेसो हा वेगळा पदार्थ आहे. तो वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो, म्हणून लाकडी फळीवर चालतो. हलणाऱ्या कॅनव्हासवर त्याला भेगा पडतात.

एकाच कागदावर काम सुरू करू नका. एकच कागद समोर असला की तो मौल्यवान होऊन बसतो आणि हात आखडतो. तीन-चार कागद शेजारी ठेवले की एकावरचा थर वाळेपर्यंत दुसऱ्याकडे वळता येते, आणि चिखल होण्याचे निम्मे कारण, म्हणजे उतावळेपणा, तिथल्या तिथे संपते.

३. पहिला थर: घड्याळ लावून वीस मिनिटे

कोऱ्या कागदाची भीती घालवण्यासाठी ‘मोकळे व्हा’ असे स्वतःला सांगून काहीच होत नाही. उपयोग होतो तो बंधनाचा. सुरू करण्यापूर्वी नोंदवहीत एक छोटा नियम लिहा: आज फक्त दोन रंग, आज ब्रश नाही, फक्त फडके आणि कार्ड, आज नेहमीचा हात नाही, दुसरा. मग घड्याळ लावा आणि वीस मिनिटे थांबू नका. आवडलेला भाग वाचवायचा नाही आणि न आवडलेला दुरुस्त करायचा नाही.

सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल तर ठसे घ्या. चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये झिजलेल्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून वरून ग्राफाइट घासले आणि लाकडाच्या रेषांमधून उमटलेल्या आकारांना चित्रात वाढवले. त्या रीतीला ‘फ्रोताज’ म्हणतात. जाळी, दोरा, पुठ्ठ्याची खाच असलेली बाजू, सुकलेले पान, यांतले काहीही चालते. दुसरी सोपी रीत म्हणजे ओल्या रंगावर गुळगुळीत कागद दाबून झटकन उचलणे. रंग उचलला जाताना शिरांसारखी, फांद्यांसारखी नक्षी उमटते आणि ती कोणालाही हाताने काढता येत नाही.

एक प्रसंग जवळून सांगतो. राखाडी जेसोवर मी पातळ केलेला निळा रंग फवाऱ्याने ओल्या केलेल्या जागेत सोडला होता. तो खालच्या कोपऱ्याकडे वाहू लागला, तेव्हा मी कागद उचलून उलटा धरला. निळा ओघळ परत फिरला आणि मध्येच पडलेल्या चारकोलच्या भुकटीत शिरला. ती भुकटी ओघळाच्या दोन्ही कडांना जमून काळसर काठ तयार झाला, जणू नकाशावरची नदी. मला लगेच ‘नदी’ नीट करायचा मोह झाला. घड्याळात अजून आठ मिनिटे होती, म्हणून मी तिच्यावरून कोरडा रोलर फिरवला. नदी गेली आणि तिच्या जागी एक फुटलेली, तुटक निळी पट्टी राहिली. पुढे ते चित्र त्या पट्टीवरच उभे राहिले. नदी ठेवली असती तर मी नदीचे चित्र काढले असते, आणि तसली चित्रे मला आधीच येत होती.

४. ब्रश ठेवून पाहा

पहिला थर वाळल्यावर चित्राकडे किमान काही तास पाठ फिरवा, शक्य असल्यास एक रात्र जाऊ द्या. नंतर चित्र चारही बाजूंनी फिरवून पाहा. पुठ्ठ्याचे इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे दोन तुकडे कापून घ्या. ते एकमेकांवर सरकवून लहान-मोठी चौकट करता येते आणि ती चित्रावरून फिरवली की कोणता भाग जिवंत आहे हे लगेच कळते. मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करा. रंगांच्या झगमगाटात न दिसणारी गोष्ट तिथे उघडी पडते: सगळ्या छटा एकाच मधल्या उजळपणाच्या असतील तर चित्र सपाट वाटणारच, मग त्यात कितीही रंग असोत.

पाहताना नोंदवहीत तीनच ओळी लिहा. काय दिसते, कुठे नजर अडकते, आणि कोणता भाग झाकला तर काहीच बिघडणार नाही. ‘चांगले’ आणि ‘वाईट’ हे शब्द या पानावर वापरायचे नाहीत. मला स्वतःला ही सवय लागायला बराच काळ लागला, आणि आजही घाईत असलो की मी हाच टप्पा गाळतो व पस्तावतो.

५. कोलाज आणि पुढचे थर

चित्रकार ब्राक आणि पिकासो यांनी १९१२ मध्ये चित्रात छापील कागद आणि मेणकापड चिकटवले, तेव्हापासून चिकटवलेला तुकडा हा चित्रातला रंगाइतकाच अधिकृत घटक झाला. तरीही नवशिक्यांच्या कोलाजमध्ये कागद बहुधा वरून ठेवलेला दिसतो, चित्रात मुरलेला दिसत नाही. कारण ते तुकडे शेवटी, सजावट म्हणून लावलेले असतात. कागद मधल्या थरात लावा, म्हणजे त्याच्यावरून रंग, रेषा आणि खरवडणे या सगळ्यांना जाता येईल.

चिकटवताना मॅट मीडियम आधी पृष्ठभागावर लावा, मग तुकड्याच्या पाठीवर लावा, तुकडा ठेवा आणि मधून कडेकडे रोलर फिरवून हवा बाहेर काढा. लगेच वरूनही मीडियमचा एक हात द्या. कापलेली कड आणि फाडलेली कड यांचा स्वभाव वेगळा असतो. छापील बाजू वर ठेवून तुकडा स्वतःकडे ओढत फाडला तर त्याच्या कडेला पांढरी पट्टी राहते. ती रेषेसारखी वापरता येते किंवा नको असल्यास पातळ रंगाने बुजवता येते. वर्तमानपत्राचा कागद मोहक असला तरी त्यात लिग्निन असते, त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. मजकुराचा पोत हवाच असेल तर त्याची प्रत आम्लरहित कागदावर लेझर प्रिंटरने काढून घ्यावी. इंकजेटची छपाई ओले मीडियम लागताच पसरू शकते.

थर चढवताना एकमेकांचे विरोधी रंग, म्हणजे तांबडा आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा, ओले असताना एकमेकांवर आणू नका. खालचा थर वाळल्यावर त्याच्या विरोधी रंगाचा पातळ, पारदर्शक थर वर दिला तर दोन्ही रंग जिवंत राहतात. चिखल झालाच तर त्यावर आणखी रंग टाकून तो सुधारत नाही. तो वाळू द्या, अर्ध्या भागावर जेसो फिरवा आणि तिथून पुढे चला. अशा झाकलेल्या आणि अर्धवट डोकावणाऱ्या जागांनीच कित्येक चित्रांना खोली येते.

६. माध्यमांचे आपसातले वैर ओळखा

माझे सर्वांत मोठे नुकसान येथे झाले. एका मोठ्या कागदावर मी पिवळ्या ऑइल पेस्टलने दाट गिरवले आणि त्यावर ॲक्रिलिकचे तीन थर चढवले. चित्र महिनाभर उत्तम दिसले. नंतर कोपऱ्यातली टेप काढताना तिच्याबरोबर तळहाताएवढा पापुद्रा निघून आला, आणि खाली पिवळा रंग अजून बोटाला लागत होता. ऑइल पेस्टल कधीच पुरते वाळत नाही, आणि तेलकट थरावर ॲक्रिलिकला पकड मिळत नाही. ऑइल पेस्टल वापरायचे असेल तर सर्वांत शेवटी, वरच्या थरात वापरा.

हाच नियम तैलरंगालाही लागू आहे: वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही. तैलरंगाच्या थरांतही वरचा थर खालच्यापेक्षा अधिक तेलाचा असावा, नाहीतर भेगा पडतात. चारकोलवर थेट ओला ब्रश फिरवला तर सगळे करडे होते; तो परिणाम नको असेल तर आधी फिक्सेटिव्हचा (चारकोल कागदावर पक्का करणाऱ्या द्रावाचा) फवारा द्या. ॲक्रिलिकमध्ये पाणी रंगाच्या आकारमानाच्या निम्म्याहून फार वाढवू नका, कारण रंगद्रव्य धरून ठेवणारा बंध विरळ होतो; खूप पातळ रंग हवा असेल तर पाण्याऐवजी मीडियम घाला. थंडीत, साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली, ॲक्रिलिकची पापडी नीट जुळत नाही. उलट भेगाच हव्या असतील तर पांढऱ्या गोंदाचा जाड थर चिकट असतानाच त्यावर ॲक्रिलिक फिरवावा. तो वाळताना सुंदर तडकतो, पण कुठे तडकेल हे आपल्या हाती नसते.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी थोडक्यात. कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले रंग कोरडे घासू नका, त्यांची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. फिक्सेटिव्ह उघड्या हवेत फवारा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. ब्रश धुतलेले पाणी गाळ बसल्यावरच ओता आणि गाळ पुसून केरात टाका.

७. कुठे थांबावे

याला सूत्र नाही. माझी खूण अशी की पुढचा फटका कुठे द्यायचा हे शोधावे लागू लागले, तर त्या दिवसापुरते चित्र थांबलेले असते. ते भिंतीवर आठवडाभर राहू द्या. रोज जाता-येता नजर एकाच जागी खुपत असेल तर तेवढीच जागा हाताळा. ॲक्रिलिक वरून लवकर वाळते पण आतून सावकाश, म्हणून वॉर्निश देण्यापूर्वी काही दिवस, जाड थर असेल तर काही आठवडे जाऊ द्या. मागे तारीख, माध्यमे आणि थरांचा क्रम लिहा. दोन वर्षांनी हीच नोंद कामी येते.

८. दुसऱ्याला मार्गदर्शन करताना: आधी हात मागे बांधा

एका शिकणाऱ्या मुलीच्या चित्रात मला सगळे पटले होते, फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गडद रेषा हवी होती. मी विचारले, ‘दाखवू का?’ ती ‘हो’ म्हणाली, आणि मी तिच्याच ब्रशने ती रेषा ओढली. रेषा बरोबर होती. पुढच्या भेटीत ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेले दिसले. मी विचारल्यावर ती सहज म्हणाली, ‘सर, ते आता तुमचं झालंय.’ शिकणारा माणूस मार्गदर्शकाला ‘नको’ म्हणू शकत नाही, त्यामुळे तिच्या होकाराला काही अर्थ नव्हता. तेव्हापासून मला काही दाखवायचे असले तर मी शेजारी वेगळा कागद ठेवून त्यावर दाखवतो, किंवा चित्रावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून त्यावर रेषा ओढतो. ते उचलले की चित्र जसेच्या तसे राहते.

९. चित्रावर बोलण्याचा क्रम ठरवून घ्या

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये मांडलेली चार टप्प्यांची पद्धत चित्रांनाही उत्तम लागू पडते. प्रथम पाहणारे सांगतात की कामात त्यांना काय अर्थपूर्ण, लक्षवेधी किंवा वेगळे वाटले. दुसऱ्या टप्प्यात कलाकार स्वतः प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात पाहणारे प्रश्न विचारतात, पण त्यांत मत लपलेले नसावे. चौथ्या टप्प्यात मत द्यायचे, तेही ‘अमुक गोष्टीबद्दल माझे एक मत आहे, ऐकायचे आहे का?’ असे विचारून, आणि कलाकाराने होकार दिला तरच.

यांतला तिसरा टप्पा सर्वांत कठीण आहे. ‘इतका काळा रंग का वापरलास?’ हा प्रश्न दिसतो, पण तो आरोप आहे. ‘काळ्या रंगाकडून तुला काय हवे होते?’ हा प्रश्न आहे. फरक कळायला लागला की मार्गदर्शकाची निम्मी वाक्ये तोंडातच विरतात, आणि ते बरेच असते. अंतःप्रेरणेने काम करणाऱ्याला ‘याचा अर्थ काय?’ हे मात्र विचारू नये. अर्थ त्याला अजून सापडलेला नसतो, आणि विचारल्यावर तो शिष्टाचार म्हणून एखादा बनवून देतो. मग पुढचे चित्र त्या बनवलेल्या अर्थाला साजेसे काढतो.

केवळ कौतुक करणे हाही सापळाच आहे. एकाच प्रकारच्या चित्राला तीनदा वाहवा मिळाली की शिकणारा चौथ्यांदा तेच काढतो. त्यापेक्षा नेमके वर्णन करा: ‘येथे तू खरवडल्यामुळे खालचा तांबडा वर आला आणि माझी नजर तिथून हलली नाही.’ यात स्तुती आहे की टीका, हे शिकणाऱ्याने ठरवावे.

१०. लेखी नोंदी आणि संमती

मार्गदर्शन मैत्रीत सुरू झाले तरी एक पानाचा लेखी करार असावा. त्यात भेटींची संख्या व कालावधी, मोबदला असल्यास तो, मधल्या काळात संदेश पाठवून विचारता येईल की नाही, आणि दोघांपैकी कोणालाही थांबायचे असल्यास किती आधी सांगावे हे लिहा. शिकणाऱ्याच्या चित्रांची छायाचित्रे इतरांना दाखवायची असतील तर त्याची वेगळी लेखी संमती घ्या. शिकणारा अल्पवयीन असेल तर पालकांची. चित्र आणि त्यावरचे हक्क शिकणाऱ्याचेच राहतात, हेही एका ओळीत स्पष्ट करा.

शिकणाऱ्याकडून प्रत्येक भेटीला तीन गोष्टी मागवा: चालू असलेली किमान दोन चित्रे, नोंदवही आणि फसलेले एक चित्र. पहिल्या काही भेटींत फसलेले चित्र आणायला सगळे टाळाटाळ करतात. काही जण मुद्दाम थोडेसेच फसलेले चित्र शोधून आणतात. त्यावर काही बोलू नका, आपले स्वतःचे एक फसलेले चित्र त्याच्या शेजारी ठेवा. मी अजूनही तो पिवळा पापुद्रा निघालेला कागद जपून ठेवला आहे, आणि पहिल्या भेटीत टेबलावर तोच आधी येतो.